डॉ. टॉमस चामर्स व गरिबांच्या साहाय्याची मर्यादा

आपल्या गावोगावच्या मंडळ्यांत गरिबांसाठी एक लहानशी पेटी असते. सुगीच्या सणास तीत थोडे पैसे पडतात, कोणी पायलीभर धान्यही आणून देतो, आणि पुढे वर्षभर पंचांपुढे तोच तो प्रश्न उभा राहतो. अमक्याच्या हाताला काम नाही. त्यास द्यावे काय? तमकी बाई तीन महिने तापाने अंथरुणास खिळली आहे; तिला आणखी किती दिवस द्यावे? एकास दिले तर दुसरा मागतो. न दिले तर मन खाते. आणि पेटी तर आटतच जाते. हा प्रश्न केवळ आपल्या लहान मंडळ्यांचाच आहे असे नाही. मोठमोठ्या राष्ट्रांच्या विधिमंडळांतही आज याचीच चर्चा चालते: बेकारास व आजाऱ्यास किती द्यावे, किती आठवडे द्यावे, आणि कोणती चौकशी करून द्यावे. या प्रश्नापायी ज्यांनी आपल्या आयुष्याचा मोठा भाग वेचला, ज्यांस त्यात मोठे यश आले व आमच्या अल्पमतीप्रमाणे ज्यांच्या हातून मोठी चूकही घडली, अशा एका देवभीरू पुरुषाचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो. ते पुरुष म्हणजे स्कॉटलंडचे विख्यात पाळक डॉ. टॉमस चामर्स होत.

चामर्स यांचा जन्म 17 मार्च 1780 रोजी स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील अँस्ट्रदर नावाच्या बंदरगावी झाला. वडील व्यापारी असून मोठे धर्मशील होते. चौदा भावंडांत टॉमस सहावे. वयाच्या अकराव्या वर्षी ते सेंट अँड्र्यूजच्या विद्यापीठात दाखल झाले. तेथे गणितावर त्यांची अशी काही प्रीती जडली की धर्मशास्त्राच्या अभ्यासात त्यांचे चित्त बेताचेच लागे. तरी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्यांस उपदेश करण्याचा परवाना मिळाला, आणि 1803 साली किलमेनी या खेडेगावच्या मंडळीवर पाळक म्हणून त्यांची नेमणूक झाली.

परंतु या तरुण पाळकाचे मन मंडळीत नव्हते. आठवड्याचे दिवस ते विद्यापीठाच्या गावी गणिताची व्याख्याने देण्यात घालवीत व शनिवारी घोड्यावर बसून मंडळीत परत येत. 1805 साली त्यांनी एक लहानसे पुस्तक छापून त्यात असे प्रतिपादन केले की, पाळकाची कर्तव्ये दोन दिवसांत उरकून उरलेले पाच दिवस विद्याव्यासंगात घालविण्यास कोणतीही हरकत नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. कारण पुढे वीस वर्षांनी, 1825 साली, मंडळीच्या महासभेत कोणी प्रतिपक्ष्याने तेच पुस्तक त्यांच्या तोंडावर आणून ठेविले. तेव्हा चामर्स उभे राहिले आणि सर्व सभेसमक्ष आपण त्या काळी आंधळे होतो असे त्यांनी उघड कबूल केले. आपली चूक चारचौघांत पदरी घेणारा मनुष्य हा असा होता.

त्यांचे डोळे उघडले ते दुःखाने. 1806 साली एक भाऊ व 1808 साली एक बहीण क्षयाने दगावली. 1809 साली ते स्वतः आजारी पडले आणि कित्येक महिने खोलीबाहेर पाऊल टाकणे त्यांस अशक्य झाले. मरण दाराशी आलेले पाहून त्यांनी आपल्या आयुष्याचा हिशेब मांडला, तो तोट्याचा निघाला. त्या अंथरुणावर त्यांनी पवित्र शास्त्र नव्याने उघडले, आणि पुढे एक-दोन वर्षांत प्रभु ख्रिस्ताच्या ठायी त्यांचा विश्वास असा दृढ झाला की किलमेनीच्या लोकांस आपला पाळकच बदलून आल्यासारखे वाटले. आम्हास येथे एक गोष्ट सुचते. इतके महिने पाळक अंथरुणावर होते, तरी त्यांची चूल बंद पडली नाही. कारण पाळकाचे वेतन त्यांच्या आजाराबरोबर थांबत नसे. हातमागावर पोट असणारा कोष्टी त्याच तापाने पडला असता तर पहिल्याच आठवड्यास त्याचे घर उपाशी राहिले असते. ही तफावत पुढे येणाऱ्या गोष्टीत फार महत्त्वाची आहे.

1815 साली चामर्स यांस ग्लासगो शहरातील ट्रॉन नावाच्या मंडळीने बोलाविले. खेड्यातून आलेल्या या पाळकाचे उपदेश ऐकावयास शहर लोटू लागले. परंतु उपासनामंदिरात दाटी करणारे लोक बहुतेक सुखवस्तू होते, आणि मंदिराच्या मागच्या बोळांतून राहणारे हजारो मजूर त्यात दिसत नसत, हे त्यांच्या ध्यानात येऊन चुकले. म्हणून त्यांनी आपल्या हद्दीतील घरे एकामागून एक पायी फिरून पाहिली. त्या वेळी शहराची स्थिती बिकट होती. नेपोलियनशी चाललेले युद्ध 1815 साली संपले, व्यापार मंदावला, लढाईवरून परत आलेल्या शिपायांची कामासाठी गर्दी झाली, आणि हातमागावर काम करणाऱ्या कोष्ट्यांची मजुरी वर्षानुवर्षे घसरत चालली. त्यातच 1817 व 1818 साली प्रलापक ज्वराची साथ आली. काम नाही आणि अंगात ताप, अशी घरे चामर्स यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिली.

अशा लोकांस त्या काळी काय मिळे, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. स्कॉटलंडात जुन्या वहिवाटीप्रमाणे वृद्ध, लुळेपांगळे, जुनाट आजारी व पोरकी मुले यांस मंडळीच्या दारावरील दानातून थोडे साहाय्य मिळे. धडधाकट मनुष्य मात्र काम नाही म्हणून उपाशी असला तरी त्यास मागण्याचा हक्क नव्हता. मोठ्या शहरांत दान पुरेनासे झाले तेव्हा घरमालकांवर गरीबपट्टी बसविण्यात आली, आणि ग्लासगोतही ती होती. शेजारच्या इंग्लंडात ही पट्टी सर्वत्र असून तेथे धडधाकट मजुरासही साहाय्य मिळे. 1818 च्या सुमारास तेथील गरिबांवरील खर्च सालीना 80 लाख पौंडांच्या जवळ जाऊन पोहोचला होता, व पट्टी देणाऱ्यांची मोठी ओरड चालली होती.

चामर्स यांस या पट्टीचे मोठे भय वाटे. त्यांचे म्हणणे असे की, देव मनुष्यसमाजात साहाय्याचे चार झरे वाहते ठेवितो. पहिला झरा म्हणजे गरिबाचे स्वतःचे कष्ट व काटकसर. दुसरा नातलगांची माया. तिसरा श्रीमंतांची गरिबांविषयी कळकळ. आणि चौथा, जो त्यांस सर्वांत मोलाचा वाटे, तो म्हणजे गरिबांचीच गरिबांविषयी कळकळ. सरकारी पट्टी सुरू झाली म्हणजे हे चारही झरे आटतात. मुलगा बापास पोसावयाचे सोडतो, शेजारी शेजाऱ्याच्या दाराकडे पाहीनासा होतो, आणि देणारा व घेणारा दोघेही एकमेकांवर चडफडतात, असे त्यांचे मत होते. म्हणून कायद्याने साहाय्य द्यावयाचे नाही, आणि मंडळीनेही शेवटचा उपाय म्हणूनच द्यावयाचे, ही मर्यादा त्यांनी घातली.

हे केवळ पुस्तकात लिहून ते स्वस्थ बसले नाहीत. 1819 साली ग्लासगोच्या पूर्व भागात सेंट जॉन नावाची नवी हद्द त्यांच्यासाठी काढण्यात आली. तीत सुमारे 10,000 लोक होते. बहुतेक कोष्टी, गिरणीकामगार व मजूर. चामर्स यांनी शहराच्या अधिकाऱ्यांस कळविले की, माझ्या हद्दीतील गरिबांसाठी मला पट्टीचा एक पैसाही नको. मात्र मंडळीचे दान माझ्या हाती राहू द्यावे. मग त्यांनी ती हद्द 25 भागांत विभागली. एकेका भागात साठापासून शंभरापर्यंत कुटुंबे येत. प्रत्येक भागावर आत्मिक काळजीसाठी एक वडील व ऐहिक काळजीसाठी एक डीकन नेमला. यरुशलेम येथील पहिल्या मंडळीत विधवांच्या रोजच्या अन्नासाठी सात पुरुष निवडण्यात आले होते, त्याच नमुन्यावर ही योजना होती. जुने आश्रित मंडळीच्या मोठ्या दानातून पोसले जात. नव्या अर्जदारांसाठी संध्याकाळच्या उपासनेस जमणाऱ्या गरीब लोकांनीच घातलेले पैसे ठेवण्यात आले.

कोणी मागावयास आला म्हणजे डीकनाने काय करावे, याचे नियम ठरलेले होते. प्रथम त्याने स्वतः त्या घरी जावे. मनुष्यास काम करण्याची शक्ती आहे काय ते पाहावे, व असल्यास काम शोधून द्यावे. नातलगांस भेटावे. शेजाऱ्यांस विचारावे. तो दुसऱ्या एखाद्या मंडळीत जात असेल तर त्या मंडळीस कळवावे. इतके करूनही गरज उरली तर दुसऱ्या एका डीकनास बरोबर नेऊन पुन्हा चौकशी करावी, आणि मगच ती गोष्ट डीकनांच्या सभेपुढे आणावी.

ही चौकशी वाचून कोणास ती कठोर वाटेल. परंतु तिचे फळ कित्येक ठिकाणी गोड आले, हे आम्ही प्रांजळपणे सांगतो. एका घरी आईबाप दोघेही वारले व सहा मुले उरली. तिघे मिळवते होते, तिघे लहान. थोरल्यांनी लहानांस शहराच्या अनाथगृहात घालण्याचा विचार केला. डीकनांनी त्यांची समजूत घातली, घर मोडू नये म्हणून दर तिमाहीस थोडी रक्कम देऊ केली, आणि सहाही भावंडे एका छपराखाली राहिली. दुसऱ्या एका खोलीत आई व मुलगी दोघींस कर्करोगाने ग्रासले होते. श्रीमंतांकडून त्यांच्यासाठी पैसे मिळविणे सहज शक्य होते. परंतु त्याची गरजच पडली नाही, कारण आसपासच्या गरीब शेजाऱ्यांनीच त्यांस अन्न दिले व त्यांची शुश्रूषा केली. ज्या डीकनाने अशी दारे ठोठावली त्यास गरिबाचे नाव ठाऊक झाले, त्याच्या मुलांची नावे ठाऊक झाली. कचेरीतल्या कारकुनास हे कधी साधत नाही. चामर्स यांच्या हिशेबाप्रमाणे त्या हद्दीतील गरिबांवर पूर्वी सालीना 1,400 पौंड खर्च होत, ते 280 पौंडांवर आले.

या आकड्याने सर्व देश थक्क झाला. चामर्स यांनी 1822 साली इंग्लंडात फिरून तेथील गरीबपट्टीचा कारभार पाहिला, आणि आपलीच वाट खरी अशी त्यांची खात्री झाली. 1823 साली ते सेंट अँड्र्यूज येथे नीतिशास्त्राचे अध्यापक होऊन गेले, व 1828 पासून एडिंबरो येथे धर्मशास्त्र शिकवू लागले. सेंट अँड्र्यूजच्या त्यांच्या विद्यार्थ्यांतूनच अलेक्झांडर डफ यांच्यासारखे मिशनरी निघून हिंदुस्थानात आले. तिकडे सेंट जॉनची योजना 1837 पर्यंत चालून बंद पडली. तेथील रहिवाशांस शहराची पट्टी चुकली नव्हतीच. आपले गरीब आपण पोसून वर दुसऱ्यांच्या गरिबांसाठीही द्यावे लागे, हे बंद पडण्याचे एक कारण होते.

आता आम्ही चुकीच्या बाजूकडे वळतो. सेंट जॉनच्या मंदिरात चामर्स यांस ऐकावयास सगळ्या शहरातून धनवान लोक येत, आणि त्यांचे दान त्या मंडळीच्या हाती होते. डीकनांपैकी पुष्कळ जण हद्दीबाहेर राहणारे सुस्थितीतले व्यापारी होते, व ते आपल्या पदरचे जे गुपचूप देत ते हिशेबात येत नसे. अशी सोय दुसऱ्या गरीब हद्दींस कोठून असणार? शिवाय 1,400 चे 280 झाले, यावरून खर्च किती वाचला हे कळते. किती लोक जेवले हे कळत नाही. जो मागावयास आलाच नाही तो सुखी झाला, की लाजेने उपाशी राहिला, की दुसऱ्या हद्दीत निघून गेला, हे पौंडांचा आकडा सांगू शकत नाही.

याहून मोठी चूक दुसरी आहे. चामर्स यांस वाटे की गरिबीचे मूळ बहुतेक गरिबाच्या शीलात आहे. शील सुधारले की गरिबी हटेल. व्यसनी व आळशी मनुष्यासंबंधाने यात तथ्य आहे. परंतु 1841 ते 1843 या सालांत ग्लासगोजवळच्या पेझली गावी शालींचा व्यापार बुडाला आणि हजारो कोष्टी एकदम बेकार झाले. मागील वर्षीचे उद्योगी कोष्टी एका हिवाळ्यात आळशी झाले काय? माग तेच होते, हात तेच होते. माल घेणारा कोणी नव्हता. अशा गावात डीकनाने शेजाऱ्याचे दार ठोठावावे तर शेजारीही बेकार, आणि नातलगाचे ठोठावावे तर तोही बेकार. चारही झरे एकाच उन्हाळ्यात आटतात, हे चामर्स यांच्या योजनेत धरलेलेच नव्हते.

आजाऱ्यांविषयी ही गोष्ट डॉ. विल्यम अ‍ॅलिसन यांनी मांडली. हे एडिंबरोचे वैद्यकाचे अध्यापक असून वर्षानुवर्षे गरिबांच्या वस्तीत औषध देत फिरलेले होते, व रोग्यांस पदरचे पैसेही देत. 1840 साली त्यांनी एक पुस्तक लिहून असे दाखविले की, साथीचा ताप जेथे उपासमार व बेकारी आहे तेथेच अधिक पसरतो. स्कॉटलंडातील तुटपुंजे साहाय्य हेच त्यास खतपाणी घालते. म्हणून काम नसलेल्या धडधाकट मनुष्यासही कायद्याने साहाय्य मिळाले पाहिजे. त्याच वर्षी ग्लासगो येथे विद्वानांच्या सभेत चामर्स व अ‍ॅलिसन यांचा समोरासमोर वाद झाला. दोघेही ख्रिस्ती, दोघेही गरिबांच्या घरी गेलेले. एकाने घराच्या आत पाहिले व शील पाहिले. दुसऱ्याने रोग्याची नाडी पाहिली व त्याचे रिकामे मडके पाहिले. चामर्स आपल्या मतापासून ढळले नाहीत.

पुढे एक विलक्षण गोष्ट घडली. पाळक नेमण्याच्या बाबतीत जमीनदार व सरकार यांचा हात मंडळीवर नसावा, यावरून स्कॉटलंडच्या मंडळीत दहा वर्षे वाद चालला होता. शेवटी 18 मे 1843 रोजी साडेचारशेंहून अधिक पाळक आपली घरे, वेतने व मंदिरे सोडून बाहेर पडले, आणि त्यांनी फ्री चर्च स्थापन केले. त्याचे पहिले अध्यक्ष चामर्स होते. या गोष्टीचा आपल्या महाराष्ट्राशीही संबंध आहे. कारण 1829 साली मुंबईस आलेले डॉ. जॉन विल्सन, ज्यांच्या शाळेतून पुढे विल्सन कॉलेज झाले, ते व त्यांचे सोबती या वेळी फ्री चर्चला जाऊन मिळाले.

बाहेर पडलेल्या पाळकांनी खावे काय? चामर्स यांनी अगोदरच तजवीज करून ठेविली होती. प्रत्येक सभासदाने आठवड्यास निदान एक पेनी द्यावी. श्रीमंत मंडळीचे व गरीब मंडळीचे सर्व पैसे एका मध्यवर्ती निधीत जमा व्हावे. आणि त्यातून प्रत्येक पाळकास सारखा वाटा मिळावा. या योजनेने डोंगराळ मुलखातील अत्यंत दरिद्री मंडळ्यांचे पाळकही तरले. वाचकहो, येथे थोडे थांबून विचार करावा. गरीब गावास आपला पाळक स्वबळावर पोसता येत नाही, म्हणून सर्वांचा निधी एक करावा, हे चामर्स यांनी ओळखिले. मग गरीब गावास आपले बेकार व आजारी तरी स्वबळावर कसे पोसता येतील? जो न्याय त्यांनी पाळकास लावला तोच कोष्ट्यास लावावयाचा राहिला, असे आम्हास वाटते. आम्ही स्वतः पाळक असल्यामुळे हे लिहिताना आमची मान खाली जाते.

मंडळी दुभंगल्यामुळे जुन्या वहिवाटीचा पायाच ढासळला. अर्धी मंडळी बाहेर पडल्यावर दारावरच्या दानातून गरिबांचे पोषण कोण करणार? सरकारने चौकशी नेमली, आणि 1845 साली स्कॉटलंडचा नवा गरिबांचा कायदा झाला. चामर्स ज्यास जन्मभर अडवीत होते तेच त्यांच्या हातून घडलेल्या घटनेमुळे लवकर आले. त्या कायद्याने गावोगाव मंडळे व निरीक्षक नेमले गेले, आणि आजाऱ्यांस औषधपाण्याची तरतूद झाली. परंतु धडधाकट बेकारास हक्क मिळाला नाही तो नाहीच. ती मर्यादा पुढे 1921 पर्यंत कायद्यात राहिली.

चामर्स यांचे शेवटचे दिवस गरिबांच्या सेवेतच गेले. 1844 पासून त्यांनी एडिंबरोच्या वेस्ट पोर्ट नावाच्या ओंगळ वस्तीत शाळा व उपासना सुरू केल्या. 1846 साली बटाट्यावर रोग पडून आयर्लंडात व स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात भयंकर दुष्काळ आला. फ्री चर्चने तातडीने वर्गणी गोळा करून पंथभेद न पाहता धान्य पाठविले. आणि 1847 साली, सदुसष्ट वर्षांच्या या वृद्धाने एक लेख लिहून असे म्हटले की, एवढ्या मोठ्या संकटात खासगी दान पुरे पडणार नाही. सरकारनेच आपली तिजोरी मोकळी केली पाहिजे. नेहमीच्या गरिबीविषयी त्यांनी आपले मत मागे घेतले असे नाही. तथापि जेथे सर्व गावच उपाशी आहे तेथे शेजाऱ्याच्या मायेवर सोडून चालत नाही, इतके त्यांच्या लेखणीतून उतरले. त्याच महिन्यात, 30 मे 1847 च्या रात्री, ते झोपेतच प्रभूकडे गेले. सकाळी ते उशीस टेकून शांत बसल्यासारखे आढळले. त्यांच्या अंत्ययात्रेस एडिंबरो शहर लोटले होते.

त्यांच्या मागे काय झाले तेही सांगतो. 1911 साली ब्रिटनमध्ये विम्याचा कायदा झाला. त्याप्रमाणे आजारी कामकरी पुरुषास आठवड्यास 10 शिलिंग, तेही 26 आठवड्यांपर्यंत, आणि काही ठराविक धंद्यांतील बेकारास आठवड्यास 7 शिलिंग, तेही वर्षातून 15 आठवड्यांपर्यंत मिळू लागले. पहिल्या महायुद्धानंतर बेकारी इतकी वाढली की 1921 साली स्कॉटलंडात धडधाकट बेकारांसही साहाय्य देण्याची परवानगी द्यावी लागली. 1948 साली जुना गरिबांचा कायदा संपुष्टात आला. तरी मर्यादेचा प्रश्न संपला नाही. किती आठवडे, कोणता दाखला, कोणती चौकशी, हा वाद तेथे पुन्हा पुन्हा उठतो, आणि प्रत्येक वेळी कोणी तरी वाचलेल्या पौंडांचा आकडा पुढे करतो.

तर आपल्या मंडळ्यांनी या चरित्रापासून काय घ्यावे? काही मर्यादा असणारच. पेटीत जेवढे आहे त्याहून अधिक कोणी देऊ शकत नाही, आणि लबाडास दिले तर विधवेचा घास जातो. चामर्स यांनी दार ठोठावल्यावाचून काही ठरविले नाही, हे त्यांचे मोठेपण आपण घ्यावे. पंचांनी मंदिरात बसून नावे खोडू नयेत. दोघांनी मिळून घरी जावे, चूल पाहावी, अंथरुणावरच्या मनुष्याजवळ बसावे. साहाय्यास मुदत घालावी लागली तर घालावी, परंतु मुदत संपेल त्या दिवशी पुन्हा त्या घरी जाऊनच पुढचे ठरवावे.

त्यांच्या चुकीपासूनही शिकावे. जो काम करावयास तयार नाही त्याविषयी प्रेषित पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीस ताकीद दिली आहे, आणि ती आमचे उपदेशकबंधू पुष्कळदा सांगतात. परंतु ती ताकीद काम न करू इच्छिणाऱ्यास आहे. काम न मिळालेल्यास नाही. प्रभूच्या दाखल्यातील द्राक्षमळ्याचा धनी अकराव्या ताशी बाजारात गेला, तेव्हा तेथे माणसे रिकामी उभी होती. का उभे राहिला, असे त्याने विचारिले, आणि आम्हास कोणी कामावर लाविले नाही, हे त्यांचे उत्तर त्याने खरे मानिले. त्याने त्यांच्या शीलाचा दाखला मागितला नाही. संध्याकाळी त्यांच्या हातावर पुऱ्या दिवसाची मजुरी ठेविली, कारण त्यांच्या घरीही मुले होती व त्यांसही पुऱ्या दिवसाची भूक होती.

म्हणून गावात पाऊस न पडून सर्वांचे काम गेले असता, किंवा साथीने वस्तीच अंथरुणावर पडली असता, आपल्या एका पेटीवर विसंबून राहू नये. शेजारच्या मंडळ्यांनी आपले धान्य एकत्र करावे. आणि सरकारच्या साहाय्यावर ज्याचा हक्क आहे त्यास ते मिळवून देण्यास उपदेशकाने कागद लिहून द्यावा, कचेरीपर्यंत सोबत जावे. तेथे जाण्यात विश्वासाची उणीव नाही. वर्षअखेर हिशेब वाचताना पेटीत किती उरले एवढेच सांगू नये. मंडळीत कोण उपाशी राहिले काय, हेही विचारावे. चामर्स यांच्या हिशेबात तो एक रकाना नव्हता. आपल्या हिशेबात तो असावा, अशी आमची प्रभूपाशी प्रार्थना आहे.